व्हिएतनाम : दोन मित्र, दोन सॅक आणि रात्रीचे उद्योग

निशाचर

मंडळी, इथे बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो, पण व्हिएतनामहून आल्यापासून ऑफिसात, सोसायटीत, सासरी, जो भेटेल तो एकच विचारतोय, "काय मग, नाईटलाईफ कशी होती तिकडची?" आणि विचारताना डोळा मारतोय, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू, पुढच्या वेळी लिंक चिकटवता येईल.

तर मी आणि बंड्या (कॉलेजपासूनचा मित्र, घोरतो) सॅक पाठीला मारून हनोईत उतरलो आणि सायगावातून (म्हणजे आताची हो ची मिन्ह सिटी) परत आलो. रूट असा: हनोई, निन्ह बिन्ह, वर डोंगरातलं हा जियांग, परत हनोई, मग रेल्वेने ह्वे, पुढे दा नांग आणि होई आन, शेवटी विमानाने सायगाव. हा लाँग बे (समुद्रातल्या सुळक्यांची ती प्रसिद्ध खाडी) मुद्दाम गाळलं. त्याबद्दल शिव्या खायची तयारी आहे, पण क्रूझवर दोन रात्री घालवून पाहुण्यांसारखं वाढून घ्यायचं तर मग सॅक कशाला घ्यायची?

आधी नाईटलाईफच घेतो, कारण तुम्ही ते वाचायलाच आलायत. हनोईच्या जुन्या भागात ता हियेन नावाची गल्ली आहे. गल्ली म्हणजे दोन माणसं हात पसरून उभी राहिली तर ट्रॅफिक जाम. दोन्ही बाजूंना वीतभर उंचीची प्लास्टिकची स्टुलं, त्यावर जगभरातलं पब्लिक गुडघे हनुवटीला टेकवून बसलेलं, समोर बिया होई. ही बिअर रोज ताजी बनते, पिंपातून येते, टिकवायला त्यात काही घालत नाहीत त्यामुळे पिंप संपलं की दुकान संपलं. अल्कोहोल अगदी कमी, तीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे गप्पा मारायला वेळ मिळतो. हिरवट काचेचा बुडबुडेवाला जाड ग्लास, सोबत उकडलेल्या शेंगा. ग्लासाला साधारण चाळीस-पन्नास रुपये, ता हियेनवर थोडे जास्त, दोन गल्ल्या आत गेलात तर कमी.

आणि तिथला खरा खेळ म्हणजे पोलिसांची गाडी. लांबून ती दिसली की पोरं एकमेकांना शिट्ट्या मारतात आणि मिनिटभरात रस्त्यावरची स्टुलं, टेबलं, मेनूकार्डं सगळं आत. आम्ही हातात ग्लास घेऊन भिंतीला पाठ लावून उभे, बंड्याच्या दुसऱ्या हातात शेंगांची प्लेट, बाजूला एक जर्मन जोडपं तसंच उभं, सगळे गंभीर चेहरे करून. गाडी गेली. स्टुलं परत बाहेर. मालकीणबाईंनी बंड्याच्या हातातली प्लेट घेऊन टेबलावर ठेवली आणि त्यात मूठभर शेंगा वाढवल्या. अख्ख्या ट्रिपमध्ये आम्ही एका क्लबात गेलो, कोणता ते सांगत नाही, बिलात आम्ही न मागवलेली फळांची प्लेट होती आणि तिची किंमत आमच्या हॉस्टेलच्या भाड्याएवढी होती. त्यानंतर रोज फुटपाथ.

बाकीचं प्रतिसादांत लिहितो, विचारा काय ते.

मिसळप्रेमी

लैच भारी! पहिला मी. शेंगा आणि गार बिअर, अजून काय लागतं. खर्चाचं सांगा ना राव, तेवढंच वाचायचं असतं आम्हाला.

सई_पी

मस्त लिहिलंय, पण हा लाँग बे गाळल्याचा निषेध. आम्ही दोघी मैत्रिणी जायचं म्हणतोय. मी शाकाहारी, ती सगळं खाते. माझी उपासमार होईल का? आणि रात्री दोघीच फिरू शकतो का, ते खरं खरं सांगा.

निशाचर

@मिसळप्रेमी, विमान सोडून माणशी दिवसाला अडीच ते तीन हजार पुरले. डॉर्ममधला बेड पाच-सातशे, फो (नूडल्सचं सूप) किंवा बान्ह मी (तिथलं सँडविच) शंभर-दोनशेच्या आत. डॉन्गचा (तिथलं चलन) हिशोब असा, शेवटची तीन शून्यं उडवा आणि साडेतीनने गुणा, थोडं जास्तच येईल पण मनाची तयारी होते. एक लाख डॉन्ग म्हणजे सव्वातीनशे-साडेतीनशे रुपये. पहिले दोन दिवस "मी लखपती" म्हणून फोटो काढाल. फक्त वीस हजाराची आणि पाच लाखाची नोट, दोन्ही निळसर, दोन्हीवर त्यांचे राष्ट्रपिता हो ची मिन्ह (तसे ते सगळ्याच नोटांवर आहेत), अंधारात अजिबात फरक कळत नाही. एक साठ-सत्तर रुपयांची, दुसरी सतराशेच्या घरातली. पाच लाखाची वेगळ्या खिशात ठेवा.

@सई_पी, जेवणाचं सायगावकर सांगतील, ते तिथेच राहतात, त्यांना पिंग केलंय.

सायगावकर

पिंग पोचला. मी इथे नोकरीनिमित्त आहे, त्यामुळे ट्रिपवाल्यांचा उत्साह माझ्यात नाही, पण माहिती देतो.

सईताई, उपासमार होणार नाही. सी-एच-ए-वाय अशी पाटी दिसली की डोळे मिटून आत जा, ते शुद्ध शाकाहारी दुकान, बौद्ध पद्धतीचं, कित्येकदा कांदा-लसूणही नसतो. इथली बरीच माणसं चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, मांसमच्छी खात नाहीत, त्या दिवशी साध्या खानावळीतही शाकाहारी ताट मिळतं. घोळ एकच, न्युक माम. माशांचं ते आंबवलेलं पाणी सगळ्यात पडतं आणि साध्या हॉटेलात "भाजी" मागवली तरी त्यात असणारच. "मांस नको" म्हणू नका, तेवढ्याने भागत नाही. "आन चाय" म्हणा, मग समजतं.

रात्रीचं म्हणाल तर अंगचटीला येणं वगैरे प्रकार फार कमी, बायका रात्री अकरालाही स्कूटरवर एकट्या फिरतात. भीती आहे ती फोनची. सायगावात बाईकवरून येऊन हातातला फोन उचलतात, मॅप बघायचा तर दुकानाच्या आत उभं राहून बघा, फुटपाथच्या कडेला नाही.

अण्णा सातारकर

ते बुई व्हियेन का काय ते लई ऐकलंय. आमच्या हितलं एक टोळकं जाऊन आलं, निस्तं त्याचंच कौतुक चाललंय. खरं काय हाय तिथं?

निशाचर

अण्णा, गोंगाट हाय. सायगावातला बॅकपॅकर लोकांचा रस्ता, शनिवार-रविवारी संध्याकाळी गाड्या बंद होतात, दोन्ही बाजूंना बार आणि प्रत्येक बारने आपापला स्पीकर समोरच्या बारच्या तोंडावर रोखलेला. गणपतीच्या मिरवणुकीत दोन मंडळं समोरासमोर आली की जसं होतं तसं, फक्त इथे रोज. पाच पावलं चाललं की एक माणूस मेनूकार्ड नाकासमोर धरतो. एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून जायचं, वर गॅलरीत बसून एक बिअर घेत खालची गंमत बघायची, बास. बंड्याला आवडलं, तो दुसऱ्या दिवशीही गेला, मी झोपलो.

सायगावकर

बुई व्हियेनवर सायगावची माणसं तुम्हाला फक्त कामावर असलेली दिसतील. संध्याकाळी जेवायला-प्यायला ती जातात व्हिन्ह खान्हला, डिस्ट्रिक्ट ४ मध्ये (जुलै २०२५ पासून डिस्ट्रिक्ट कागदोपत्री रद्द झालेत, पण रिक्षावाल्यापासून ग्रॅबवाल्यापर्यंत (ग्रॅब म्हणजे इथलं ओला-उबर) सगळे अजून तेच बोलतात). तिथे गोगलगायी, शिंपले, कालवं, निखाऱ्यावर भाजून वर कांद्याच्या पातीचं तेल आणि शेंगदाण्याचा कूट. बिअरच्या ग्लासात बर्फाचा मोठा खडा टाकतात, नाक मुरडू नका, या उकाड्यात तेच बरोबर आहे. शेजारचं टेबल दर दोन मिनिटांनी "मोत, हाय, बा, यो!" ओरडणार, म्हणजे एक-दोन-तीन करून ग्लास वर. त्यांनी तुमच्याकडे बघून ओरडलं तर तुम्हीही ग्लास उचलायचा, नाही उचललात तर ते येऊन उचलायला लावतात.

दोन गोष्टी कायद्याच्या. एक, दारू पिऊन गाडी अजिबात नाही, १ जानेवारी २०२० पासून इथे मर्यादा शून्य आहे, एक घोट असला तरी दंड. ग्रॅब बाईक करा. दुसरं, बारमध्ये फुगे विकत असत, लाफिंग गॅसचे. संसदेने २०२५ पासून त्यावर आणि ई-सिगारेटवर बंदी आणलीय. तरी कोणी कानात येऊन विचारेल. नको म्हणा.

आणि एक कडू बोलतो. २०२४ मध्ये भारतातून पाच लाखांच्या आसपास लोक इथे आले, चांगलंच आहे, पण पुरुषांचे जे पंधरा-वीस जणांचे ग्रुप येतात त्यातले काही रस्त्यात मुलींचे व्हिडिओ काढत फिरतात आणि वेट्रेसला न विचारता खांद्यावर हात टाकून सेल्फी घेतात. मग त्याची झळ आमच्यासारख्यांना बसते.

मिसळप्रेमी

सायगावकर +१००. बँकॉकातही हेच पाहिलंय.

पाटणकर काका

लेख आवडला. आपण हनोईस गेलात तर हो ची मिन्ह यांच्या समाधीचे दर्शन घेतलेत का? त्यांच्या समाधीवर "शिवाजी महाराजांचा एक मावळा येथे समाधिस्थ झाला" असे कोरलेले आहे, हे वाचून ऊर अभिमानाने भरून येतो. आपण त्याचा फोटो घातला नाहीत याचे आश्चर्य वाटले.

अर्धवटराव

आला! फॉरवर्ड आला! मी वाटच बघत होतो कितव्या प्रतिसादात येतोय.

निशाचर

काका, राग मानू नका, पण तिथे जाऊन आलोय म्हणून सांगतो. समाधीवर बाहेर मोठ्या अक्षरांत त्यांच्याच भाषेत फक्त "अध्यक्ष हो ची मिन्ह" एवढं लिहिलंय. कोरीव लेख असलेलं थडगं असं काही तिथे नाहीच, काचेच्या पेटीत त्यांचा देह ठेवलाय. २ सप्टेंबर १९६९ ला ते गेले, इच्छा दहनाची होती, पण पक्षाने देह जतन केला आणि १९७५ ला ही वास्तू खुली झाली. आत फोटो काढता येत नाही, खिशात हात घातला तर पांढऱ्या ड्रेसमधला शिपाई खुणेने काढायला लावतो, गुडघे झाकलेले हवेत, रांग थांबत नाही. सकाळीच उघडं असतं आणि सोमवार-शुक्रवार बंद. वर्षातून काही आठवडे देखभालीसाठीही बंद असतं, ते आधी बघून जा.

सायगावकर

काका, हा मेसेज मलाही दर शिवजयंतीला येतो. १९५८ साली हो ची मिन्ह भारतात आले होते हे खरं, कोलकात्यात त्यांच्या नावाचा रस्ता आहे हेही खरं. बाकीच्याला, म्हणजे समाधीवरच्या त्या ओळीला आणि त्यांनी महाराजांकडून गनिमी कावा शिकल्याच्या गोष्टीला, पुरावा नाही. गनिमी काव्याची त्यांची स्वतःची परंपरा जुनी आहे. १२८८ साली बाक डांग नदीत त्रान हुंग दाओ या सेनापतीने तळाशी टोकदार लाकडी खुंटे रोवले, भरतीला मंगोल जहाजं आत येऊ दिली आणि ओहोटीला ती त्या खुंट्यांवर अडकली. इथे प्रत्येक शहरात त्याच्या नावाचा रस्ता आहे. आपल्या महाराजांना बाहेरच्या दाखल्याची गरज नाही.

पाटणकर काका

शेवटचे वाक्य पटले. त्रान हुंग दाओ यांच्याविषयी ठाऊक नव्हते, आभारी आहे. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या ग्रुपवर हे टाकतो.

आम्हा उभयतांचाही विचार आहे. तेथे हिंदू मंदिरे आहेत असे ऐकतो.

निशाचर

काका, आता तुम्ही माझ्या आवडीच्या जागेवर आलात. मी सन! (इंग्रजी स्पेलिंग बघून बरेच जण माय सन वाचतात.) होई आनहून तासाभरावर, डोंगरांनी वेढलेली दरी आणि त्यात चाम राजांची (इथले जुने हिंदू राज्यकर्ते) शिवमंदिरं. चौथ्या शतकाच्या अखेरीस भद्रवर्मन नावाच्या राजाने इथे भद्रेश्वराची स्थापना केली, राजाचं नाव आणि देवाचं नाव जोडून. मग तेराव्या शतकापर्यंत एकावर एक मंदिरं होत गेली. विटा इतक्या घट्ट बसलेल्या की मधे चुना-माती दिसत नाही, नख घालून बघितलं. संस्कृत शिलालेख आहेत. १९६९ च्या अमेरिकी हल्ल्यात सगळ्यात मोठं मंदिर, ज्याला ए-१ म्हणतात, ते कोसळलं, आणि बाजूच्या गवतात बॉम्बचे खड्डे आजही आहेत, आता त्यात पाणी साचून कमळं-बिमळं उगवलेली. आपल्या पुरातत्त्व खात्याने तिथे जीर्णोद्धाराचं काम केलं आणि त्याच कामात २०२० ला नवव्या शतकातलं अखंड वालुकाश्माचं शिवलिंग सापडलं.

आम्ही पहाटे निघून सगळ्यात आधी पोचलो, दहाच्या बसेस यायच्या आत. आमच्या गाईडला समजलं की आम्ही भारतातले, तर तो बंड्याला म्हणाला की या योनीपीठावरून पाणी कुठल्या दिशेला जायला हवं ते तूच सांग, बाकीच्यांना मी सांगतो पण मला कधी कोणी तपासलं नाही. बंड्या नास्तिक, पण आजोळी शंकराचं देऊळ, त्याने बरोबर उत्तर दिशा दाखवली आणि अर्धप्रदक्षिणा का घालतात तेही सांगितलं. गाईड वहीत लिहून घेत होता.

चाम लोक अजून आहेत बरं का, दक्षिणेकडे निन्ह थुआनच्या बाजूला, त्यातला एक गट आजही शिवाच्या जुन्या मंदिरांत काते नावाचा सण करतो. आम्हाला तिकडे जायला जमलं नाही. आणि काका, दा नांगचं चाम म्युझियम चुकवू नका, शिल्पं तिथे आहेत, मी सनला बऱ्याच ठिकाणी नुसत्या भिंती.

अर्धवटराव

हे मात्र भारी. जळजळ झाली, इनो घेतला. होई आनची नाईटलाईफ?

निशाचर

कंदील. नदीकाठी हजारो कंदील, जुनी पिवळी घरं, जपानी पूल, होडीतून दिवे सोडायचे. सुंदर आहे आणि गर्दीही तेवढीच. चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री विजेचे दिवे बंद करतात, ती तारीख जुळली तर जुळवा. दहा-अकराला गाव झोपतं. दा नांगला शनिवार-रविवारी रात्री नऊला ड्रॅगन ब्रिजवरचा ड्रॅगन तोंडातून आग ओकतो, मग पाणी. आग बघायला सगळे पुढे सरकतात आणि मग पाण्यात भिजतात, बंड्या धरून.

गिअरवाला

हा जियांगबद्दल लिहा की! मी लेह-मनाली केलंय, तिथे बाईक भाड्याने घेऊन लूप मारायचाय. आपलं इंटरनॅशनल लायसन्स काढलंय.

सायगावकर

ते इथे चालत नाही. व्हिएतनाम रस्ते वाहतुकीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारातला परवाना मानतं, भारतात मिळतो तो १९४९ च्या जिनिव्हा कराराचा. भाड्याने देणारा काही विचारणार नाही, चावी हातात ठेवेल. पण वाटेत पोलीस असतात आणि त्याहून मोठी गोष्ट, अपघात झाला तर ट्रॅव्हल इन्शुरन्सवाले वैध परवाना नाही म्हणून हात वर करतील.

गिअरवाला

पण सगळेच तर चालवतात, यूट्यूबवर बघा. गोऱ्यांपैकी निम्म्यांकडे साधं लायसन्सही नसतं.

सई_पी

सगळे चालवतात हे हॉस्पिटलच्या बिलावर लिहून चालेल का?

निशाचर

सई, टाळ्या. @गिअरवाला, आम्ही ईझी रायडर घेतले, म्हणजे तिथलाच माणूस चालवणार, आपण मागे. मलाही आधी कमीपणा वाटला होता. पण मा पी लेंग घाटात खाली हिरवीगार न्यो क्वे नदी, कडेला नावापुरता कठडा आणि समोरून ट्रक, तेव्हा मागे बसून नदी बघायला मिळते याचा आनंद काही और. साडेतीनशे किमीच्या आसपासचा लूप, तीन-चार दिवस द्या. हनोईहून रात्रीची स्लीपर बस, चढताना बूट काढून पिशवीत घालायचे, आणि सहा फुटी असाल तर पाय दुमडून झोपायची प्रॅक्टिस करून या.

आणि खरं सांगू का, नाईटलाईफ म्हणाल तर ती तिथे होमस्टेत होती. लांबलचक टेबलावर सगळ्यांचं एकत्र जेवण, मक्याची दारू पाण्याच्या बाटलीतून येते, "हॅपी वॉटर" म्हणतात. माझा रायडर पन्नाशीचा, दिवसभर चार शब्द बोलला असेल. जेवणानंतर कराओकेचा माईक हातात आला आणि माणूस असा काही गायला की स्वयंपाकघरातल्या बायका भांडी टाकून दारात येऊन उभ्या. मग माईक आमच्याकडे. बंड्याने लावणी म्हटली. कोणाला एक अक्षर कळलं नाही, तरी तिसऱ्यांदा म्हणायला लावली. दहाला माईक बंद, सकाळी साडेसातला गाड्या सुरू.

घरगुती दारूबद्दल इशारा देऊन ठेवतो, होमस्टेवाले स्वतः पितात तीच आणि तेवढीच घ्या. स्वस्तातल्या फुकट शॉट्सच्या नादाला लागू नका, नोव्हेंबर २०२४ ला शेजारच्या लाओसमध्ये, वांग व्हियेंगला, मिथेनॉलने पर्यटक दगावलेत.

अण्णा सातारकर

लावणी कंची?

निशाचर

ते बंड्याला विचारा, तो इथे सदस्य नाही आणि व्हायचं म्हणत नाही.

पाटणकर काका

आम्हा दोघांनाही गुडघेदुखी आहे. त्या छोट्या स्टुलांवर कसे बसावे? व रेल्वेचा प्रवास सोयीचा आहे काय?

सायगावकर

काका, एकावर एक दोन-तीन स्टुलं ठेवा, मागितली की देतात. रेल्वे उत्तम, हनोई-सायगाव पूर्ण १७२६ किमी आहे, दीड दिवस लागतो, तो सलग करू नका. ह्वे ते दा नांग हा तुकडा दिवसा करा, हाय वान घाटाखालून समुद्राला चिकटून गाडी जाते, दक्षिणेकडे जाताना डावीकडची खिडकी घ्या. खालचा बर्थ आधीच बुक करा.

सई_पी

आमचं फेब्रुवारीत ठरतंय, २०२७. ई-व्हिसाला किती आधी अर्ज करू? आणि गर्दी असते का तेव्हा?

सायगावकर

तारीख आधी बदला. २०२७ चं टेट (इथलं नववर्ष) ६ फेब्रुवारीला आहे. त्याच्या आधीचा आठवडा सगळा देश गावाकडे निघतो, बस-रेल्वे मिळत नाही, आणि सणाचे पहिले दिवस छोटी दुकानं, खानावळी बंद. मार्च घ्या, उत्तरेत थंडी ओसरलेली असते आणि मध्य भागात पाऊस नसतो (तिथे ऑक्टोबर-नोव्हेंबर टाळायचा, होई आनच्या गल्ल्यांत होड्या चालतात). ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळतो, एकदाच प्रवेश असेल तर २५ डॉलर, सरकारी साईटवरच करा, हुबेहूब दिसणाऱ्या खाजगी साईट्स दुप्पट-तिप्पट घेतात. नाव पासपोर्टवर आहे तसंच, आडनावाच्या रकान्यात आडनाव. कुठल्या विमानतळावर उतरणार ते अर्जात निवडावं लागतं, तिकीट पक्कं झाल्यावरच भरा.

सई_पी

धन्स! मार्च फायनल. आणि हा लाँग बे आम्ही करणारच आहोत हो निशाचर.

निशाचर

करा. कॅट बा बेटावर राहून लान हा बेची होडी घ्या, तेच सुळके, गर्दी कमी. फोटो इथे टाका, बंड्याला जळवायचंय.